देवाच्या दिव्याची वायर

मोटारीच्या विजेचं काम करणारा माणूस अर्धं आयुष्य डॅशबोर्डखाली डोकं खुपसून आणि पाय दाराबाहेर सोडून काढतो. माझी कित्येक गिऱ्हाइकं मला तोंडापेक्षा चपलांवरूनच जास्त ओळखतात. गेल्या वर्षी डिचोलीतलं दुकान बंद केलं, तेव्हा रोज पाव घेऊन येणारा पदेर म्हणाला, "भाई, आतां तरी तुजें तोंड पळोवंक मेळटलें." मी म्हटलं, बघण्यासारखं असतं तर आधीच बाहेर काढलं असतं.

मी मूळचा पेडण्याचा. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी हातात पकड घेतली, ती पस्तीसेक वर्षं खाली ठेवली नाही. लोक मला वायरमन म्हणायचे. घरातल्या वायरी ओढणारा वायरमन वेगळा, मी मोटारींचा. पण कुणाच्या घरचा पंखा बंद पडला तरी बोलावणं मलाच यायचं, आणि मीही जायचो.

या अंकासाठी लिहा म्हणणाऱ्यांना माझ्याकडून गमतीजमती हव्या होत्या. आहेत की. एकदा पेडण्याहून साखळीला निघालेल्या नवरदेवाच्या गाडीचा हॉर्न वाटेत सुरू झाला तो थांबेचना. माझ्या दुकानापर्यंत येईस्तोवर वाटेतली सगळी गावं नवरा बघून मोकळी झाली होती. बघतो तर फुलांच्या माळा बांधणाऱ्याने सुतळीऐवजी बारीक तांब्याची तार वापरलेली, आणि ती बॉनेटच्या फटीतून आत शिरून हॉर्नच्या जोडाला टेकलेली. नवरदेवाचा मामा माझ्या डोक्यावर उभा. हॉर्न बंद व्हायला हवा, पण माळ तुटता कामा नये, अपशकुन होईल म्हणे. मी तार अलगद सोडवली, माळ सुतळीने पुन्हा बांधून दिली. मुहूर्त गाठला म्हणतात. संसारही बरा चालला असावा, त्यांच्या थोरल्याच्या स्कूटरचा सेल्फ नंतर मीच दुरुस्त केला.

अशा गोष्टी सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत. पण पकड खाली ठेवल्यापासून मनात घोळते ती गोष्ट गमतीची नाही. ती शांबाच्या गाडीची आहे आणि तिच्यात मी काही चांगला दिसत नाही. ती गाळून बाकीचं लिहिणं मला जमेना.

आधी धंदा काय तो थोडक्यात सांगतो. मोटारीत शेकडो वायरी असतात. त्या एकत्र बांधून गाडीभर फिरवलेलं जे जुडगं, त्याला हार्नेस म्हणतात. जिथे एक जुडगं दुसऱ्याला मिळतं तिथे प्लास्टिकचा कनेक्टर असतो. आणि विजेच्या प्रत्येक वाटेवर एक फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली तार. वीज प्रमाणाबाहेर धावली की ती आधी वितळते आणि पुढचं सगळं वाचतं. म्हणजे ज्या वाटेवरचा फ्यूज शाबूत, त्या वाटेने आग आलेली नाही. शिकाऊ माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. एवढी वर्षं काम करून ऐन वेळी मी ते विसरलो.

माझ्या कामाची एक खूण होती. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा माझं निम्मं काम खनिज वाहणाऱ्या टिपरांचं. ती लाल धूळ टेपच्या गोंदात शिरते आणि महिन्याभरात टेप सुटते. म्हणून टेप गुंडाळली की तिच्यावर चांभाराचा मेण लावलेला दोरा तीन वेढे देऊन बांधायचा. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर जागच्या जागी गंजले, पण हाताची सवय गेली नाही. चकचकीत नव्या मोटारीतही मी दोरा बांधायचोच.

दुसरी खूण म्हणजे देवाचा दिवा. आमच्या भागात नवी गाडी आधी गावच्या देवळात जाते. तिथे नारळ, हार, चाकांखाली लिंबं. तिथून ती माझ्या दुकानात यायची. डॅशबोर्डवर जो देव बसवलेला असेल त्याच्यापुढे मी एक छोटा बल्ब लावून द्यायचो, चावी फिरवली की पेटणारा. त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत. सिगारेट लायटरला वीज जाते तिथून वायर घ्यायची आणि तिच्यावर एक वेगळा छोटा फ्यूज घालायचा. दुसरे कुणी एवढ्याशा दिव्याला फ्यूज घालत नसत. मी घालायचो, आणि त्याचा मला गर्व होता.

शांबा आमोण्याचा. खाणींच्या दिवसांत टिपर चालवायचा. खनिज भरायचं, मांडवीच्या धक्क्यावर बार्जमध्ये ओतायचं, पुन्हा मागे. त्या आवाजात त्याचा डावा कान गेला. खाणी थांबल्यावर त्याने काही वर्षं शेती बघत आणि वाट बघत काढली. मोपाला विमानतळ होणार हे पक्कं झालं तेव्हा हिंमत करून नवी टॅक्सी घेतली. देवळातून गाडी थेट माझ्याकडे आली. सोबत त्याची बायको सत्यवती. मी नेहमीचा लाल बल्ब काढला तर म्हणाली, "तांबडो नाका. म्हाका तो ब्रेकाचो दिवो कसो दिसता. हळदुवो घाल." पिवळा बल्ब शोधायला मला अर्धा बाजार फिरावा लागला. दिवा लागला तेव्हा तिने गाडीत बसूनच हात जोडले आणि मला म्हणाली, "आतां देवाक रस्तो दिसतलो." अशी बोलायची. हसायचं की नमस्कार करायचा ते कळायचं नाही.

दोन वर्षांत तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं. तिची पाळी म्हापशाला, सकाळी सहाची. त्या वेळेला आमोण्याहून बस नाही. शांबा तिला पोचवायचा, ती यंत्रावर असेपर्यंत तिकडेच भाडी मारायचा आणि तिला घेऊन परतायचा. गाडी पोटापाण्यासाठी घेतलेली खरी, पण एव्हाना ती तिची झाली होती.

तुळशीचं लग्न झाल्यावर शांबा एक पत्र घेऊन दुकानात आला. गाडीच्या कंपनीचं, इंग्रजीत. "भाई, हें पळय. गाडी परत व्हरतले काय कितें?" त्याचा चेहरा उतरला होता. गाडी परत नेतील तर सत्यवतीला म्हापशाला कसं न्यायचं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी वाचून समजावलं. याला रिकॉल म्हणतात. कंपनीच्या ध्यानात येतं की अमुक नंबरांच्या गाड्यांत आपलाच एक भाग कच्चा गेला आहे. मग ती त्या सगळ्या गाड्या डीलरकडे बोलावते आणि फुकट दुरुस्त करून देते. शांबाच्या गाडीत डॅशबोर्डमागचा एक कनेक्टर तापण्याची शक्यता होती. "चूक तांची, खर्च तांचो," मी म्हटलं. तो मोकळा हसला.

डीलरकडे पाठवण्याआधी सहज म्हणून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आधी वास आला, मग दिसलं. कनेक्टर तपकिरी होऊन बसला होता आणि मागचं हार्नेस वीतभर करपलं होतं. त्याच्यापासून चार बोटांवर माझा जोड, मेणाच्या दोऱ्यासकट.

माझ्या जोडाने काही झालं नव्हतं, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. पण शोरूमवाले आणि आम्ही रस्त्यावरचे, यांचं सासू-सुनेचं नातं. बाहेरच्या माणसाचा हात लागलेला दिसला की ते सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळे होतात. वायरमनच्या जोडाने गाडी पेटत होती, अशी बातमी डिचोलीच्या बाजारात फिरली असती. नाव कमवायला जन्म जातो. मी घाबरलो. दिवा काढला, वायर काढली, तिच्यावरचा छोटा फ्यूज काढला, उघड्या जागी नवी टेप गुंडाळली आणि सगळं टेबलाच्या खणात टाकलं. शांबाला म्हटलं, "कोणें विचारल्यार सांग, कोणेंच हात लावंक ना."

त्याने गाडीची चावी उचलली. मग म्हणाला, "तूं म्हणटा जाल्यार सांगतां."

शोरूम हमरस्त्याला लागून, काचेचं. कुठलं ते लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. गाडी तिथे सोडल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मी शांबाबरोबर गेलो. मॅनेजर नम्रपणे बोलला. रिकॉलमध्ये फक्त कनेक्टर बसतो, तो आम्ही बदलू. पण हार्नेस जळलं आहे ते बाहेरच्या कामामुळे. नवं हार्नेस मागवावं लागेल आणि त्याचा खर्च तुमचा.

"गाडीला बाहेर कुणी हात लावला होता का?" त्याने विचारलं.

"कोणेंच हात लावंक ना," शांबा म्हणाला.

मॅनेजरने मोबाइल आमच्यापुढे धरला. धुळीने राखाडी झालेल्या वायरींमध्ये माझी नवी टेप काळीभोर चमकत होती. "मग ही टेप आपोआप आली का?"

शांबाने माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी मी बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत.

बाहेर आल्यावर शांबा म्हणाला, खर्च करून टाकू, कुठून तरी उभे करतो, गाडी आठवड्यात मिळेल. मी उसळलो. "एक पयसो दिवंक नाका! हें हक्काचें." खरोखर हक्काचंच होतं. पण मी एवढा तावातावाने बोललो तो हक्कासाठी नव्हे. त्याने खर्च भरला असता तर आग माझ्या जोडामुळे लागली असं कबूल केल्यासारखं झालं असतं. हे मला तेव्हा कळत होतं का? थोडंसं कळत असावं.

तिथे परशराम म्हणून चंदगडकडचा एक मेकॅनिक होता, चाळिशीचा, मितभाषी. माझी त्याची जुनी ओळख. निघताना फाटकापाशी आला. "मामा, तोंडी नकार घिऊन जाऊ नगा. लिवून मागा. आनि जळका कनेक्टर टाकू नका म्हनावं, तो पुरावा हाय. कंपनीला थेट लिवा, चासी नंबर घालून." शोरूमच्या पगारावर जगणारा माणूस, त्याला हे सांगायची काही गरज नव्हती.

कुणावर अशी पाळी आली तर परशरामचा सल्ला सोन्यासारखा आहे, हे मी आजही सांगतो. आपली तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या नोंदीवर, आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. नकार कागदावर मागायचा. कागद द्यावा लागला की निम्मे नकार तिथेच मऊ पडतात. आम्ही सगळं तसंच केलं. कंपनीला पत्र मी लिहिलं, पोराच्या मास्तराकडून इंग्रजी तपासून घेतलं. त्यात एक ओळ घातली, या गाडीला बाहेरच्या कुणीही हात लावलेला नाही. शांबाने खाली सही केली. त्याला सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर काढतो. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

गाडी तिकडे डॅशबोर्ड उघडा टाकून उभी. कंपनीचं उत्तर आलं, तक्रार नोंदवली आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, डीलरकडून अहवाल मागवला आहे. डीलरचा अहवाल काय असणार, फोटोतली टेप.

आणि सत्यवती शांबाच्या स्कूटरवरून म्हापशाला जाऊ लागली. गावात गाड्या नव्हत्या असं नाही. लोकांनी दिल्याही. पण दुसऱ्याची गाडी माणूस दोनदा मागेल, चारदा मागेल. आठवड्यातून तीन पहाटे कशी मागणार? मी एक रिक्षावाला ठरवून दिला होता, तो दहा दिवसांनी शाळेच्या मुलांच्या फेऱ्यांत अडकला. थंडीचे दिवस. आमोण्याला नदीवरून धुकं यायचं. ती शाल, वर शांबाचा स्वेटर, वर हेल्मेट अशी मागे बसायची. जाताना ठीक असायची. येताना तिला ग्लानी यायची, डोकं शांबाच्या पाठीवर पडायचं. म्हणून तो तिला आपल्या कमरेशी धोतराच्या पट्टीने बांधून घ्यायचा.

मी एकदा त्यांच्याकडे पत्राचा मसुदा घेऊन गेलो असताना ती दोघं तशीच अंगणात आली. तो गाठ सोडत होता, मी बघत उभा. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "कितें पळयता, भाई? लग्नांत लेगीत इतलें घट बांदूंक नाशिल्लें." लग्नगाठीपेक्षा ही गाठ घट्ट, हे ऐकून शांबा लाजला. मी हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही.

मग मी मनाशी ठरवलं, दुसरी गाडी शोधायची. त्याच नमुन्याची, त्याच सुमारास घेतलेली, जिला बाहेरच्या कुणाचा स्पर्श नाही. हरमलला माझ्या ओळखीचा एक माणूस पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो, त्याच्याकडे तशी गाडी होती. गेलो. त्याच्या गाडीत देव नाही, दिवा नाही, आरशाला नुसती जपमाळ लटकवलेली. डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तोच कनेक्टर, तसाच तपकिरी, अजून जळायचा बाकी. फोटो काढले, त्याच्याकडून चासी नंबरासकट लिहून घेतलं. परतताना मला वाटलं, जिंकलो.

मॅनेजरने फोटो बघितले. "त्या गाडीत बाहेरचं काम नाही. तुमच्या गाडीत आहे, आणि तुम्ही ते नाकबूल करताय. खोटं कशाला बोलताय, ते आधी सांगा." तो शांबाशी बोलत होता. शांबाने मान खाली घातली. खोटं माझं, मान त्याची.

आठवा आठवडा होता. मी पुन्हा आमोण्याला, पुन्हा एक पत्र. शांबा गोठ्यात होता. सत्यवती पडवीत बाकड्यावर आडवी झाली होती, हाताला सुयांच्या जागी पट्ट्या. डोळे मिटूनच तिने विचारलं, "भाई, तो दिवो खंय आसा?"

"खणांत आसा, वयनी."

"काडलो कित्याक?"

मी हातातलं पत्र उलगडायला लागलो.

तिने डोळे उघडले. "तूंवें देवाक दिवो लायला, चोरी करूंक ना. सांगून उडय." मग म्हणाली, "म्हज्या घोवाक फट उलोवंक येना. न्हिदेंत लेगीत म्हणटा, कोणेंच हात लावंक ना, कोणेंच हात लावंक ना."

आठ आठवडे तो खोटं बोलता न येणारा माणूस माझं खोटं झोपेतसुद्धा राखत होता. आणि मी त्याला लढायला शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या खण ओढला. पिवळा बल्ब, वायर, आणि वायरीवरचा छोटा फ्यूज. फ्यूज उजेडात धरला. आतली तार अखंड. आगीशी माझ्या जोडाचा काही संबंध नाही, याचा याहून मोठा पुरावा जगात नव्हता, आणि तो मीच काढून खिळे-स्क्रूंच्या डब्यामागे टाकला होता. पहिल्या दिवशी जोड जसा होता तसा राहू दिला असता, तर कुठल्याही शहाण्या इंजिनियरने तो फ्यूज बघून मान डोलावली असती.

शोरूममध्ये गेलो. मॅनेजरच्या टेबलावर तिन्ही वस्तू ठेवल्या. म्हटलं, जोड माझा, टेप मी लावली, शांबाला खोटं बोलायला मी सांगितलं. कागद मागून घेतला आणि तेच मराठीत लिहून सही केली. मॅनेजरने वाचलं. "आधी का नाही सांगितलं?"

"भ्यालो," मी म्हटलं.

त्याने मला बसायला सांगितलं, चहा मागवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही टेपकडेच बघितलं असतं.

बाहेर परशराम हात पुसत उभा होता. "मामा, मला पयल्याच दिशी ठावं हुतं. त्या नव्या टेपवर मेनाचा दोरा हुता. तसला दोरा डिचोलीत दुसरा कोन बांधतोय?" म्हणजे लपवायच्या धांदलीतसुद्धा माझा हात खूण करून आला होता. मी विचारलं, मग साहेबाला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "म्हटलं, तुमीच सांगशीला कवातरी." माझ्याबद्दल इतका भरवसा मला स्वतःला नव्हता.

त्यानंतर सगळं सरळ झालं. कंपनीचा इंजिनियर आला, फ्यूज बघितला, हरमलचे फोटो बघितले, जळका कनेक्टर पिशवीत घालून घेऊन गेला. हार्नेससकट सगळं काम कंपनीने फुकट करायचं ठरलं. इंजिनियर येण्यापासून नवं हार्नेस बसेपर्यंत तीन आठवडे गेले. एकंदर अकरा. डिचोलीच्या बाजारात वायरमनने शोरूमला नमवलं, अशी बातमी फिरली. लोक मला चहा पाजायचे. मी ती बातमी कधी खोडली नाही, हेही इथे लिहून टाकतो.

गाडी घरी आली त्या दिवशी सत्यवतीने दारातच गाडीवरून तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं. मंगळवारी ती गाडीतून म्हापशाला गेली, गुरुवारी गेली. येताना मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती, शांबा सांगत होता, अगदी घोरत होती. शनिवारी पहाटे तो तिला उठवायला गेला, तर ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हृदय थकतं, केव्हाही होऊ शकतं. गाडीचा, स्कूटरचा, थंडीचा काही संबंध नाही. शांबाने मला हे तीन-तीनदा सांगितलं. मी काय विचार करत असेन ते त्याला कळत होतं, म्हणूनच सांगत होता. बायको त्याची गेली आणि समजूत तो माझी घालत होता. डॉक्टरांचं खरं असेल. पण त्या अकरांपैकी आठ आठवडे तरी तिला मागच्या सीटवर झोपून येता आलं असतं, आणि ते माझ्यामुळे झालं नाही. याच्यावर कुठल्या डॉक्टरकडे औषध नाही.

अकराव्या दिवशीचे विधी आटोपले. पाहुणे पांगले होते. दुपारी मी आणि शांबा अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर गाडी उभी. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलतो. पलीकडे एक मुलगी, गोड आवाजाची, पाठ केलेलं मराठी. ती शोरूममधून बोलत होती. गाडीचं काम झालं त्याबद्दल दोन-तीन प्रश्न विचारायचे आहेत, सर, एक मिनिट वेळ आहे का?

"विचार गो," शांबा म्हणाला.

"सर, कामाला लागलेल्या वेळाबद्दल तुम्ही आम्हाला दहापैकी किती गुण द्याल?"

मी हाताने शून्य करून दाखवलं, फोन घ्यायला पुढे झालो. शांबाने हात आडवा केला. फोनवर तळवा ठेवून मला हळूच म्हणाला, "तें चेडूं बिचारें. ताका कित्याक त्रास?" आणि तळवा काढून म्हणाला, "धा."

"थँक्यू सर. आमच्या माणसांच्या वागणुकीबद्दल?"

"धा."

"गाडी आता तुमच्या गरजेप्रमाणे चालते का, सर?"

शांबा गाडीकडे बघत राहिला. मुलीला वाटलं फोन कटला, ती दोनदा हॅलो म्हणाली.

"चलता," तो म्हणाला.

"आणि काही सूचना, सर? पुढच्या वेळी गाडी लवकर मिळावी, असं काही?"

"ना गो बाय," शांबा म्हणाला. "आतां कांय घाय ना."